साचेखात्यातले कान

मला डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि उजव्याने समोरचा माणूस मेहेरबानी करून नीट बोलला तरच येतं. हे आज मी सगळ्यांना सांगत फिरतो. वाण्याला सांगतो, कंडक्टरला सांगतो, नातीच्या शाळेतल्या बाईंनासुद्धा सांगून झालंय. ऐंशीच्या दशकात मात्र काही वर्षं अशी गेली की ही गोष्ट मी एकाही माणसाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

कान गेले गिरणीत. मी साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. साचेखात्यात एकदम इतके साचे धडधडायचे की तिथे तोंडाने आवाज काढून बोलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आम्ही नुसते ओठ हलवायचो आणि बोटांनी खुणा करायचो. आमच्यावरचा जॉबर येतोय, चहाला चल, तुझ्या मेव्हण्याचं लग्न जमलं का, सगळं त्यातच. नवा माणूस सहा महिन्यांत ओठ वाचायला शिकायचा आणि त्याच सहा महिन्यांत त्याचे कान मंद व्हायला लागायचे. खोलीवर आम्ही दहाजण, सगळे गिरणीतले, सगळे एकमेकांशी बोंबलून बोलणारे. कमी ऐकू येणं हा तिथे दोषच नव्हता. कोणाला कळणार?

मग संप झाला. तो किती लांबला आणि शेवटी आमची कशी वाट लागली, हे सांगण्यात आता अर्थ नाही. संपाआधी दोन वर्षं वेगळी भाड्याची खोली घेऊन बायकोला मुंबईत आणलं होतं, ती दोन मुलांना घेऊन देवगडाकडे गावी गेली. जाताना एवढंच म्हणाली की कायमची नोकरी लागली की पत्र टाका, त्या दिवशी निघते. दोन वर्षं मी हमाली केली, रंगारी झालो, एका लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. कायमचं असं काही मिळेना. मग चुलतभावाने मुलुंडच्या एका सिक्युरिटी एजन्सीचा पत्ता दिला.

तिथे आधी डॉक्टर. त्याने उंची मोजली, छाती फुगवायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या कानाशी धरलं आणि विचारलं, ऐकू येतं? मी म्हटलं, येतं. वास्तविक मला टिकटिक ऐकून दहा वर्षं झाली होती. दुसऱ्या कानाशी धरलं, मी म्हटलं, येतं. मग तो माझ्या मागे गेला. समोर औषधांच्या कपाटाला काच होती. तिच्यात मला त्याचा घड्याळ धरलेला हात दिसला आणि तो हात हळूच पाठीमागे गेलेलाही दिसला. मी म्हटलं, आता नाही येत. डॉक्टर खूश झाला आणि त्याने कागदावर सही केली. मीही खूश झालो. पुढे जे झालं त्यातला पहिला खोटेपणा हा.

दहा दिवस रोज सकाळी ट्रेनिंग. एका शाळेच्या मैदानात, शाळा भरायच्या आत. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक साताऱ्याकडचे हवालदार, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. वीसेक माणसं होतो, अर्ध्याहून जास्त माझ्यासारखी गिरणीतून बाहेर फेकलेली. चाळिशीची, पोटं सुटलेली माणसं डावा-उजवा करताना बघून मैदानाच्या कडेला उभे असलेले दूधवाले हसायचे. मला राग यायचा, पण उस्ताद म्हणायचे, हसू द्या, गणवेश घातला की हेच तुम्हाला विचारून आत येतील.

सावधान, विश्राम, सलाम हे मला सोपं गेलं, कारण उस्तादांचे ओठ दिसत. पंचाईत व्हायची ती पीछे मुड केल्यावर. पाठ फिरली की उस्ताद माझ्यापुरते मुके. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्याच्या गुडघ्याकडे बघायचो आणि तो हलला की हलायचो. नेहमी अर्ध्या पावलाने उशीर. उस्तादांना वाटायचं की मी मंद आहे. मंद म्हटलेलं परवडलं, बहिरा म्हटलेलं नाही.

बाकी शिकवलं ते आजही पाठ आहे. झडती कशी घ्यायची, तर आधी नमस्कार, मग खांद्यापासून खाली, बायकांना हात लावायचा नाही, त्यांची फक्त पिशवी. गाडीचा नंबर आधी पाटीवर बघायचा, मग ड्रायव्हरच्या तोंडून घ्यायचा. आग लागली तर वाळूची बादली कुठे टाकायची. मागे येणाऱ्या गाडीला शिट्टीने वाट कशी दाखवायची. तुटक शिट्ट्या म्हणजे येऊ दे, लांब शिट्टी म्हणजे थांब. हे शिकवताना उस्ताद रोज एकच सांगत, की शिट्टी तोंडात असली की कान मोकळे पाहिजेत. आणि वही. फाटकावरच्या वहीवर त्यांनी दोन अख्ख्या सकाळी घालवल्या. म्हणाले, "जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेच लिहायचं. वाटलं, असेल, बहुतेक, हे शब्द घरी ठेवून यायचे." मला ते फार आवडलं होतं.

मला साकीनाक्याला नेमलं. बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवायचा कारखाना. अरुंद गल्ली, लोखंडी फाटक, फाटकाशी एक स्टूल आणि मी. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आत मशीनं, बाहेर टेम्पो आणि वेल्डिंगची दुकानं. एजन्सीचा नियम असा होता की गार्डने कामगारांबरोबर बसायचं नाही, त्यांचा चहा प्यायचा नाही, जवळीक करायची नाही. कारण ज्याचा चहा प्याला त्याची पिशवी नीट तपासली जात नाही. नियम बरोबरच आहे. पण तो नसता तरी माझ्याकडे कोण येणार होतं? संध्याकाळी सुटताना ज्याची मी झडती घेतो, तो दुपारी माझ्याशी गप्पा कशाला मारेल?

लांबून लोक काय बोलतात ते मला ओठांवरून कळायचं, एवढीच करमणूक. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर फोनवर सासऱ्याशी भांडायचा. मोल्डिंगवरची पोरं म्हणायची, नवा वॉचमन खडूस आहे, हाक मारली तरी बघत नाही. मी ते पन्नास फुटांवरून वाचायचो. मी खडूस होतोच, मुळातच तिरसट माणूस. पण हाक ऐकली असती तर बघितलं असतं.

कांजूरमार्गला एका चाळीत चुलतभावाची खोली होती. त्याची रात्रपाळी. मी घरी पोचायचो तेव्हा तो निघून गेलेला असायचा, मी निघायचो तेव्हा तो आलेला नसायचा. झाकून ठेवलेल्या भातावरूनच आम्ही एकमेकांना ओळखायचो. रविवारी मी बायकोची पत्रं पुन्हा वाचायचो. पत्रातलं एकही अक्षर निसटत नाही, सगळं स्वच्छ ऐकू येतं. दहा माणसांच्या खोलीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला एकटेपण म्हणजे काय ते तिथे कळलं. काही दिवस असे जायचे की सकाळच्या सलामापासून रात्रीपर्यंत माझ्या तोंडून 'पिशवी दाखवा' याच्यापलीकडे शब्द निघायचा नाही.

फक्त एक बाई माझ्याशी बोलायची. पॅकिंगला होती, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी, विधवा, राहायला घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर. जेवणाच्या सुट्टीत ती डबा धुवायला फाटकाजवळच्या नळावर यायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी माझ्या स्टुलासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "भावा, तू खयचो?" मी देवगडाकडचा म्हटल्यावर तिचा चेहराच फुलला. तिचं गाव खाडीच्या पलीकडचं.

त्यानंतर रोज दोन-तीन मिनिटं. ती नेहमी वळसा घालून समोर यायची, डोक्यावरचा पदर जरा मागे सारायची आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची. मला वाटायचं, बाईची बोलायची पद्धतच तशी आहे. ती फणसाबद्दल बोलायची, जत्रेबद्दल बोलायची. माझी बायको कधी येणार हे तर रोज विचारायची. सहा महिने पूर्ण झाले की एजन्सी कायम करते, मग बोलावणार, हे मी तिला सांगितलं होतं. दिवस ती माझ्याहून जास्त मोजत होती. चहा तिने कधी पुढे केला नाही, तिला नियम माहीत होता. त्या तीन मिनिटांसाठी मी सकाळी दाढी नीट करायला लागलो होतो, हे कबूल करायला आता लाज नाही. त्यात वावगं काही नव्हतं. माणसाला कोणीतरी बोलायला लागतं, बस्स.

पाच महिने झाले असतील. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेम्पो माल भरायला आला. गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून टेम्पो उलटाच आत घ्यावा लागे. मागच्याच आठवड्यात एकाने फाटकाचा खांब खरवडला होता आणि मॅनेजरने मला सगळ्यांसमोर झापलं होतं. म्हणून त्या दिवशी मी आतल्या अंगाला, ड्रायव्हरला आरशात दिसेन असा उभा राहिलो. तोंडात शिट्टी, डोळे त्या खांबावर. नळ माझ्या पाठीशी, डाव्या हाताला. ती तिथे बसलेली आहे हे मी टेम्पो यायच्या आधी पाहिलं होतं. ती उठून गेली असेल असं मला वाटलं. उस्तादांनी हा शब्द घरी ठेवून यायला सांगितला होता, तो मी फाटकावर घेऊन गेलो होतो.

मी तुटक शिट्ट्या वाजवत राहिलो. टेम्पोचा मागचा भाग नळाकडे वळला, आणि तिथे भिंतीपाशी सरकायला जागा नव्हती. ड्रायव्हरला इंजिनापुढे काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आतल्या बायकांना मशीनपुढे नाही. ऐकू येण्यासारखा माणूस तिथे एकच उभा होता. मी वळलो तो ड्रायव्हरचा चेहरा आरशात एकदम बदलला म्हणून. तोपर्यंत मागचं चाक तिच्या पावलावर चढलं होतं, पाऊल चाक आणि गटाराच्या दगडाच्या मध्ये. तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडत होती हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्याच टेम्पोतून तिला घाटकोपरला दवाखान्यात नेलं. मी फाटक सोडू शकत नव्हतो. नळाखाली तिचा डबा तसाच पडला होता, तो मी धुवून स्टुलाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. दवाखान्यात बाई सांगत होती की मी किती वेळा ओरडले, वॉचमनने टेम्पो थांबवला नाही. ड्रायव्हर म्हणत होता, मी शिट्टीवर चालतो. मॅनेजर माझ्यावर चिडला नव्हता, उलट समजुतीने बोलत होता. म्हणाला, वहीत काय आहे ते बघू, वही सांगेल ते खरं. वहीत अजून काही नव्हतं. आदल्या दिवशी माझा हात चालला नव्हता. मी म्हटलं, लिहून आणतो.

स्टुलावर बसून मी वही मांडीवर घेतली. खरं लिहिलं तर नोकरी त्याच संध्याकाळी गेली असती. डॉक्टरपासूनचं सगळं बाहेर आलं असतं आणि बायकोला पुन्हा पत्र टाकावं लागलं असतं की एवढ्यात येऊ नको. तसं पत्र मी आधी दोनदा टाकलं होतं. मग मी लिहिलं, 'टेम्पो आत घेताना सदर बाई मागे आल्याचे मी पाहिले नाही. ती ओरडल्याचे मी ऐकले नाही.' खाली सही केली. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही, जे ऐकलं नाही ते ऐकलं नाही. एक अक्षर खोटं नाही. आठवड्याने उस्ताद तपासणीला आले, त्यांनी ते वाचलं, शेजारी सही केली आणि म्हणाले, "साफ लिहिलंय."

त्या दोन ओळींवर बाई खोटी ठरली. गार्ड दोन हातांवर उभा होता, त्याला ऐकू आलं नाही, म्हणजे ती ओरडलीच नाही. न सांगता टेम्पोच्या मागे शिरली, चूक तिची. दवाखान्याचं कारखान्याने बघितलं, पण तिच्या जागी दुसरी बाई पंधरा दिवसांत आली. ड्रायव्हरलाही काही झालं नाही. सगळ्यांचं भागलं, तिचं सोडून.

महिनाभराने एका रविवारी मी तिचा डबा घेऊन असल्फ्याची टेकडी चढलो. पत्ता विचारत विचारत वरपर्यंत गेलो. दाराशीच ती पाय लांब करून बसली होती, पावलाला अजून पट्टी. बोटं गेली होती, टाचेवर चालायला शिकत होती. मला बघून ती दचकली नाही. मुलीला पाणी आणायला सांगितलं. मी डबा पुढे ठेवला. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी एवढंच म्हणालो की मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

तिने नेहमीसारखा पदर मागे सारला आणि माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुका आयकाक येना नाय, ता माका पयल्या दिवसापासून ठावक होता. माझो घोव पण साचेखात्यातलोच. म्हणान तर मी इतक्या जोरात आरडलंय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"साहेबाक मी तुझ्या कानांचा सांगूक नाय," ती म्हणाली. "तुझी नोकरी गेली असती, मगे घरकारीण खय येतली?" मग पावलाची पट्टी सारखी केली. "पण माका वाटलेला, तूच काय तां सांगतलस."

तिच्या आवाजात राग नव्हता, की होता, मला सांगता येणार नाही. ओठांवर आवाज दिसत नाही. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिथेच रडलो असतो आणि कदाचित मोकळा झालो असतो. पण तिने मुलीला चहा टाकायला सांगितलं. मी तो चहा प्यालो आणि खाली उतरलो.

सोमवारी सांगायचं असं उतरताना ठरवलं होतं. सोमवारी केबिनच्या काचेसमोर मी दोनदा जाऊन उभा राहिलो. मॅनेजर फोनवर होता, सासऱ्याशीच. तिसऱ्यांदा गेलो नाही. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचा कागद आला आणि मी गावी पत्र टाकलं. पुढे सांगू, ती आली की सांगू, मुलं शाळेत लागली की सांगू, असं करत करत माझी नेमणूक मुलुंडला बदलली आणि साकीनाका सुटला. हे लिहिताना माझे कान गरम झालेत. भ्याड माणूस होतो मी. दुसरा शब्द नाही.

मुलांची परीक्षा झाली आणि मे महिन्यात बायको आली. कुर्ल्याच्या डेपोत सकाळी एस.टी.तून उतरली. डोक्यावर ट्रंक, दोन्ही मुलं झोपेने पेंगुळलेली. कांजूरच्या खोलीपर्यंत ती सारखी बोलत होती आणि मी चुकीच्या ठिकाणीही हो म्हणत होतो. खोली तिला आवडली. नळ जवळ आहे म्हणाली. वास कसला येतो, असं तिने एकदाच विचारलं. मग ट्रंक उघडून सामान लावायला बसली. आंब्याची साटं, कोकमं, आणि कुळथाच्या पिठाच्या दोन पिशव्या. गावाहून येणारं माणूस मुंबईतल्या आपल्या माणसांसाठी काहीतरी जास्तीचं आणतंच. तशी एक पिशवी तिने वेगळी बांधून आणली होती.

तिने पाठमोरीच काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही तेव्हा ती पिशवी हातात घेऊन वळली.

"हंय जवळपास आपल्याकडचा कोण हा काय? पीठ जादा हाडलंय मी."

घाटकोपर तिथून काही लांब नव्हतं. मुलं दारात उभी राहून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "कोण नाय."

तिने पिशवी परत दुसऱ्या पिशवीशेजारी ठेवली. ते पीठ आम्हीच खाल्लं, पावसाळाभर पुरलं.